गुन्हेगाराच्या शेजारी उभा राहिलेला वकील : क्लॅरेन्स डॅरो

वस्तीत कुणाच्या हातून खून पडला, पोलीस त्याला घेऊन गेले, की चार दिवसांत काळा कोट घातलेला एक माणूस त्याच्या बाजूने कोर्टात उभा राहतो. लोक चिडतात. ह्याला लाज कशी वाटत नाही, पैशासाठी खुन्याला वाचवतोय, असे नाक्यावर बोलले जाते. पुढे कधीतरी त्याच बोलणाऱ्यांच्या घरातला पोरगा पकडला जातो आणि मग तीच मंडळी त्याच वकिलाच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बसून राहतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

पण प्रश्न खरा आहे. आपल्या अशिलाने गुन्हा केलाय हे वकिलाला ठाऊक असेल तर त्याने काय करायचे? खटला सोडून द्यायचा? खोटे बोलायचे? की तिसराही काही मार्ग आहे? ह्या प्रश्नाशी पन्नासहून अधिक वर्षे झुंज दिलेला एक वकील अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव क्लॅरेन्स डॅरो. काही वेळा तो ह्या झुंजीत जिंकला, काही वेळा सपशेल घसरला. दोन्ही गोष्टी आपण समजून घ्याव्यात म्हणून हा लेख.

बालपण आणि वकिली

डॅरो यांचा जन्म १८ एप्रिल १८५७ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात, किन्समन गावाजवळ झाला. वडील अमायरस हे लाकडी सामान बनवीत, आणि गावात कोणी मेले तर शवपेटीही तेच करून देत. धंदा बेताचा, पण घरात पुस्तके भरपूर. गाव देवभोळे आणि हे एकटे देवधर्म न मानणारे. शिवाय आईवडील दोघेही गुलामगिरीच्या विरोधात. चार लोकांत वेगळे मत घेऊन कसे उभे राहायचे, हा धडा पोराला घरातच मिळाला. पंधराव्या वर्षी आई एमिली वारली.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. एक वर्ष कॉलेज, मग खेड्यातल्या शाळेत मास्तरकी. ह्या मास्तरने आपल्या शाळेत छडी बंद केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यानंतर एक वर्ष मिशिगन विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला, तोही पदवी न घेता सोडला. त्या काळी तिथे परीक्षा देऊन सनद मिळे. १८७८ साली, एकविसाव्या वर्षी ते वकील झाले.

ओहायोत लहानसहान दावे चालवीत असताना एक पुस्तक त्यांच्या हाती पडले. जॉन पीटर आल्टगेल्ड नावाच्या शिकागोच्या गृहस्थाने १८८४ साली तुरुंग आणि शिक्षेच्या पद्धतीवर ते लिहिले होते. गरीब माणूसच सापळ्यात का सापडतो, तुरुंगात गेलेला माणूस सुधारण्याऐवजी बिघडून बाहेर का येतो, ह्याची मांडणी त्यात होती. ह्या पुस्तकाने डॅरो पार बदलले. १८८७ साली ते शिकागोला आले आणि आल्टगेल्ड यांचे मित्र झाले.

शिकागो म्हटले की आपल्याला १ मे आठवतो. आठ तासांच्या कामासाठी १८८६ साली तिथे लढा झाला, हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला आणि पुराव्याचा पत्ता नसताना कामगार पुढाऱ्यांना फासावर चढवले गेले. जे तीन जण तुरुंगात उरले होते, त्यांना आल्टगेल्ड यांनी गव्हर्नर झाल्यावर १८९३ साली सोडून दिले. त्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत डॅरो होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणजे काय, हे त्यांनी असे जवळून पाहिले.

पहिला पराभव

१८९३ च्या ऑक्टोबरात शिकागोचे महापौर कार्टर हॅरिसन यांचा त्यांच्या घरातच गोळी घालून खून झाला. मारेकरी पॅट्रिक प्रेंडरगास्ट नावाचा तरुण. त्यानेच मारले ह्यात शंका नव्हती. पण त्याचे डोके ठिकाणावर नव्हते. महापौर आपल्याला मोठी नोकरी देणार होते, असे त्याने मनाशी धरले होते. त्याला फाशीची शिक्षा झाल्यानंतर डॅरो मध्ये पडले. वेड्याला फाशी देऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे. शहर संतापलेले. कोणी ऐकले नाही. १३ जुलै १८९४ रोजी प्रेंडरगास्टला फाशी झाली.

इथे डॅरो यांचा विचार स्पष्ट दिसतो. माणूस गुन्हा करतो त्यामागे कारणे असतात. त्याची गरिबी, त्याचे बालपण, त्याचा मेंदू, त्याच्या भोवतालचा समाज. कारण न शोधता माणूस मारला तर कारण जिथल्या तिथे राहते. पुढे १९२२ साली त्यांनी गुन्ह्याची कारणे आणि उपाय ह्या विषयावर पुस्तकच लिहिले. त्यांचे सगळेच म्हणणे पटेल असे नाही. प्रत्येक गोष्टीला परिस्थितीच जबाबदार धरली तर माणसाची स्वतःची जबाबदारी उरते कुठे, असा प्रश्न त्यांना लोकांनी विचारला आणि तो रास्त होता.

कामगारांचा वकील

ह्याच १८९४ साली पुलमन कंपनीचा संप झाला. रेल्वेचे डबे बनवणारी ही कंपनी. तिने मजुरी कापली, पण कंपनीच्या घरांचे भाडे मात्र तेवढेच ठेवले. रेल्वे कामगारांचे पुढारी युजीन डेब्ज यांना अटक झाली. डॅरो तेव्हा एका रेल्वे कंपनीचेच पगारी वकील होते. ती चांगली चाललेली नोकरी सोडून ते डेब्ज यांच्या बाजूने उभे राहिले. डेब्ज यांना कोर्टाचा मनाई हुकूम मोडल्याबद्दल सहा महिने तुरुंगवास झालाच. पण कटाचा मोठा खटला मात्र सरकारला तडीस नेता आला नाही.

१९०२ साली पेनसिल्व्हेनियात कोळसा खाणीतल्या सुमारे दीड लाख कामगारांनी पाच महिने संप केला. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आयोग नेमावा लागला. आयोगापुढे डॅरो यांनी कामगारांची बाजू मांडली. कोळशातून दगड वेचणारी लहान पोरे, धुराने गेलेली फुप्फुसे, आणि खाणकामगारांच्या अकरा-बारा वर्षांच्या मुली रेशीम गिरण्यांत रात्रपाळी कशी करतात, हे सारे त्यांनी साक्षीदार आणून दाखवले. ज्याने गिरणीत रात्रपाळी केलीय त्याला हे वेगळे सांगायला नको. १९०३ साली निकाल लागला, त्यात दहा टक्के पगारवाढ मिळाली आणि कामाचे तास कमी झाले.

१९०७ साली आयडाहो राज्यात खाण कामगारांचे पुढारी बिल हेवूड यांच्यावर माजी गव्हर्नरच्या खुनाच्या कटाचा आरोप होता. बॉम्ब ठेवणाऱ्याने कबुली देऊन युनियनच्या पुढाऱ्यांकडे बोट दाखवले होते. त्या एकट्याच्या शब्दावर खटला उभा होता. हेवूड निर्दोष सुटले. ह्यानंतर अमेरिकेतल्या कुठल्याही कामगाराला विचारा, आपला वकील कोण, तर तो डॅरोचे नाव घेई.

लॉस एंजेलिसचा बॉम्ब

आणि मग आला तो खटला, ज्याने हे सारे मोडून टाकले.

लॉस एंजेलिस टाइम्स हे कामगार चळवळीचे कट्टर वैरी वर्तमानपत्र. मालक हॅरिसन ग्रे ओटिस यांनी युनियन मोडण्याचा विडाच उचललेला. १ ऑक्टोबर १९१० च्या मध्यरात्रीनंतर त्या छापखान्यात स्फोट झाला, आग लागली आणि २१ माणसे मेली. मेले कोण? ओटिस नव्हे. रात्रपाळीला आलेली, छापखान्यात पोटासाठी राबणारी माणसे मेली.

१९११ च्या एप्रिलमध्ये लोखंडी पूल आणि इमारती उभारणाऱ्या कामगारांच्या युनियनचे चिटणीस जॉन मॅकनमारा आणि त्यांचा भाऊ जेम्स यांना अटक झाली. देशभरच्या कामगारांना वाटले, हेमार्केटचीच ही दुसरी आवृत्ती. मालकांनीच रचलेले कुभांड. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स यांनी डॅरो यांना गळ घातली. डॅरो तेव्हा चोपन्न वर्षांचे, थकलेले. आधी नको म्हणाले, मग तयार झाले. फी ठरली पन्नास हजार डॉलर. कामगारांनी बचाव निधीसाठी वर्गणी काढली आणि दोन लाखांहून अधिक डॉलर जमले. मॅकनमारा निर्दोष आहेत असे छापलेले बिल्ले छातीवर लावून लोक मिरवणुकीत चालले. खटल्यातला दुसरा वकील जॉब हॅरिमन हा समाजवादी पक्षातर्फे लॉस एंजेलिसच्या महापौरपदाला उभा होता आणि तो निवडून येणार अशी हवा होती.

पण डॅरो यांनी पुरावा पाहिला आणि त्यांना कळून चुकले. हे कुभांड नव्हते. बॉम्ब जेम्सनेच ठेवला होता. साथीदाराने कबुली दिली होती आणि सरकारकडे कागदपत्रांचा ढीग होता.

बंधू-भगिनींनो, आता ह्या माणसाच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने बाहेर फोडायची नाही, हा धंद्याचा पहिला नियम. तो मोडला तर उद्या कुठलाच आरोपी वकिलाला खरे सांगणार नाही. पण इकडे हजारो कामगार पोटाला चिमटा घेऊन डॉलर-डॉलर पाठवताहेत. ते गुन्हेगाराचा बचाव म्हणून पाठवत नाहीत, निरपराध भावांसाठी पाठवताहेत. ज्यांच्या पैशावर खटला चाललाय, त्यांनाच खरे ठाऊक नाही. बोलावे तर अशील फासावर जातो. गप्प राहावे तर आपलीच माणसे फसतात.

डॅरो गप्प राहिले. आतून मात्र त्यांनी तडजोडीची बोलणी सुरू केली. लिंकन स्टेफन्स नावाचे पत्रकार मध्यस्थ झाले. १ डिसेंबर १९११ रोजी दोघा भावांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. जेम्सला जन्मठेप झाली आणि जॉनला पंधरा वर्षे. फाशी टळली.

बाहेर काय झाले? लोकांनी छातीवरचे बिल्ले काढून रस्त्यावर फेकले. गॉम्पर्स यांनी आपण फसवले गेलो असे जाहीर केले. मतदान चारच दिवसांवर होते. जॉब हॅरिमन याला, म्हणजे आपल्याच जोडीदार वकिलाला, डॅरो यांनी ह्या कबुलीची कल्पनासुद्धा दिली नव्हती. तो ५ डिसेंबरला पडला. लॉस एंजेलिसमधली कामगार चळवळ पुढे कित्येक वर्षे वर आली नाही.

कामगारांनी डॅरो यांना गद्दार ठरवले. माझे मत वेगळे आहे. वकील ज्याच्यासाठी उभा राहतो तो आरोपी असतो. चळवळ कितीही मोठी असली तरी ती आरोपीच्या पिंजऱ्यात नसते. चळवळीची अब्रू राखण्यासाठी दोन माणसांना फासावर जाऊ देणे हा कुठला न्याय? कबुली देऊन जीव वाचवणे हे बरोबरच होते. पण ज्या दिवशी खरे कळले त्या दिवसापासून वर्गणीच्या पेटीकडे बघून गप्प बसणे, हे मात्र खुपते. गुपित न फोडताही, निरपराध म्हणून प्रचार करू नका, एवढे पुढाऱ्यांना सुचवता आले असते. ते झाले नाही. युनियनची पावती फाडलेला माणूस हे सहज विसरत नाही, आणि विसरूही नये.

वकीलच आरोपी

ह्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. कबुलीच्या तीन दिवस आधी, २८ नोव्हेंबरला, डॅरो यांचा तपासाचे काम करणारा माणूस बर्ट फ्रँकलिन भर रस्त्यात पकडला गेला. ज्यूरीत बसू शकणाऱ्या एका माणसाला तो लाच देत होता. पकडला तेव्हा डॅरो स्वतः त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर होते. फ्रँकलिनने सांगितले की पैसे डॅरो यांनी दिले.

१९१२ साली डॅरो आरोपीच्या जागी बसले. दुसऱ्यांसाठी आयुष्यभर बोललेला माणूस आता स्वतःसाठी बोलला. ज्यूरीतल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी तासाभराच्या आत त्यांना निर्दोष सोडले. पण १९१३ साली दुसऱ्या ज्यूरराच्या प्रकरणात खटला झाला, त्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. बहुमत शिक्षेच्या बाजूने होते. शेवटी सरकारने खटला सोडला, आणि डॅरो यांनी कॅलिफोर्नियात पुन्हा वकिली केली नाही.

त्यांनी लाच दिली होती का? त्यांच्या चरित्रकारांत ह्यावर एकमत नाही. काहींच्या मते नक्की दिली होती. दिली असेल तर तिचा काही बचाव नाही. समोरचे मालक पैसेवाले आहेत, पोलीस त्यांचे, पेपर त्यांचे, म्हणून आपणही वाकड्या वाटेने जायचे, हा युक्तिवाद चळवळीत पुष्कळदा ऐकू येतो. गुन्हेगाराला वकील मिळाला पाहिजे ह्याचा अर्थ गुन्हेगाराला विकत घेतलेला न्यायाधीश मिळाला पाहिजे असा नव्हे. विकत घेण्याच्या बाजारात गरीब नेहमीच हरतो, कारण तिथे पलीकडच्याची थैली मोठी असते.

कामगार संघटनांनी डॅरो यांना पुन्हा फारसे बोलावले नाही. कर्ज झालेले, नाव गेलेले. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी शिकागोत फौजदारी खटले घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दोन श्रीमंत पोरे

२१ मे १९२४ रोजी शिकागोत बॉबी फ्रँक्स नावाचा चौदा वर्षांचा मुलगा शाळेतून घरी येताना नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत सापडले. प्रेताजवळ पडलेल्या चष्म्यावरून पोलीस नेथन लिओपोल्ड आणि रिचर्ड लोब यांच्यापर्यंत पोहोचले. एक एकोणीस वर्षांचा, दुसरा अठरा. दोघे कोट्यधीशांची मुले, दोघे अतिशय हुशार. बॉबी तर लोबचा नातेवाईक. पैशाची ददात नाही, वैर नाही. आपण पकडले न जाता खून करू शकतो हे पाहण्यासाठी त्यांनी खून केला. दोघांनी कबुली दिली.

गरिबांचा वकील म्हणवणारा डॅरो ह्या पोरांसाठी उभा राहिला तेव्हा लोक खवळले. दहा लाख डॉलर घेतले, अशी आवई उठली. फी वकील संघटनेने ठरवावी असे घरच्यांना जाहीर करावे लागले, आणि प्रत्यक्षात मिळालेली रक्कम त्या आवईच्या मानाने फारच थोडी होती.

इथे डॅरो यांनी काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. वेडेपणाचा बचाव घेतला असता तर खटला ज्यूरीपुढे गेला असता आणि ज्यूरीने फाशीच दिली असती. शिवाय खून आणि अपहरण असे दोन आरोप, दोन्हींना फाशी. एकात वाचले तर सरकारी वकील रॉबर्ट क्रो दुसऱ्यात धरणार. म्हणून २१ जुलै १९२४ रोजी डॅरो यांनी दोन्ही आरोपांत गुन्हा कबूल करून टाकला. त्यामुळे ज्यूरीचे कामच उरले नाही. शिक्षा काय द्यायची हे एकटे न्यायाधीश जॉन कॅव्हर्ली ठरवणार. बारा जणांत वाटली जाणारी जबाबदारी एका माणसाच्या डोक्यावर आली, की तो दहा वेळा विचार करतो, हे डॅरो जाणून होते.

मग महिनाभर साक्षी झाल्या. मनोविकाराचे डॉक्टर आले. बॉबीची आई साक्षीला उभी राहिली, ती कोर्टात साऱ्यांनी पाहिली. ऑगस्टच्या अखेरीस सदुसष्ट वर्षांच्या डॅरो यांनी तीन दिवस मिळून सुमारे बारा तास भाषण केले. पोरांनी काही केले नाही असे त्यात अवाक्षर नव्हते. गुन्हा भयंकर आहे हे मान्य करून त्यांनी फाशीविरुद्ध बाजू लढवली. पोरांचे वय, त्यांच्या मनाची मोडतोड, महायुद्धाने स्वस्त करून टाकलेला माणसाचा जीव, आणि सरकारने थंड डोक्याने माणूस मारला तर तो खुन्याकडून शिकल्यासारखे होते, असा त्यांचा रोख होता. ही पोरे गरीब असती तर सरकारने कबुली घेऊन जन्मठेपेवर केव्हाच मिटवले असते, असेही त्यांचे म्हणणे होते.

१० सप्टेंबरला निकाल लागला. दोघांना जन्मठेप आणि वर नव्व्याण्णव वर्षे. मुख्य कारण दिले त्यांच्या वयाचे. लोब १९३६ साली तुरुंगात दुसऱ्या कैद्याच्या हातून मारला गेला. लिओपोल्डने तुरुंगात कैद्यांना शिकवण्याचे काम केले, युद्धकाळात हिवतापाच्या औषधांच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर दिले. १९५८ साली तो सुटला, पोर्तो रिको बेटावर दवाखान्यात काम करू लागला आणि १९७१ साली वारला. बॉबी फ्रँक्स परत आला नाही, येणारही नव्हता. पण दोन माणसे मारण्याऐवजी एक माणूस थोडाफार कामाला आला, एवढे खरे.

माझ्या मते डॅरो यांचा सगळ्यात स्वच्छ खटला हाच. कारण इथे खोटे काहीच नव्हते. सगळे उघड कबूल करून मग दयेसाठी भांडण. सुरुवातीला विचारलेला तिसरा मार्ग तो हाच.

डेट्रॉइट आणि हवाई

पुढच्या दोन खटल्यांची गोष्ट एकमेकांशेजारी ठेवून वाचावी.

१९२५ साली डेट्रॉइट शहरात डॉ. ऑसियन स्वीट ह्या काळ्या डॉक्टरांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. राहायला गेले आणि दुसऱ्याच रात्री, ९ सप्टेंबरला, जमावाने घराला वेढा घालून दगडफेक केली. घरातून गोळ्या सुटल्या, एक गोरा माणूस मेला. डॉक्टर, त्यांची पत्नी, भाऊ, मित्र, असे अकरा जण खुनाच्या आरोपात अडकले. घर घेतले म्हणून दगड खाणे काय असते हे आपल्या लोकांना शिकवायला नको. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने डॅरो यांना बोलावले. फी घेतली पाच हजार डॉलर. जमाव नव्हताच म्हणणाऱ्या साक्षीदारांना त्यांनी उलटतपासणीत उघडे पाडले. पहिल्या खटल्यात एकमत झाले नाही. दुसरा खटला धाकटा भाऊ हेन्री याच्यावर, ज्याने गोळी झाडल्याचे मान्य केले होते. १९२६ च्या मे महिन्यात सगळ्या गोऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. आपल्या घराचे रक्षण करण्याचा हक्क काळ्या माणसालाही आहे, हे कोर्टात सिद्ध झाले.

आणि सहाच वर्षांनी, १९३२ साली, हेच डॅरो हवाई बेटावर कोणासाठी उभे राहिले? नौदलातील गोरा अधिकारी टॉमस मॅसी, त्याची सासू ग्रेस फोर्टेस्क्यू आणि दोन खलाशी यांच्यासाठी. मॅसीच्या पत्नीने पाच तरुणांवर बलात्काराचा आरोप केला होता. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि तरुण जामिनावर सुटले. तेव्हा ह्या चौघांनी त्यांच्यापैकी जोसेफ काहाहावाई ह्या बावीस वर्षांच्या स्थानिक हवाईयन तरुणाला कोर्टाच्या दारातून फसवून पळवले आणि गोळी घालून मारले. प्रेत गाडीत घेऊन जाताना ते पकडले गेले. त्याच साली सरकारने नेमलेल्या खासगी तपास संस्थेने चौकशी करून सांगितले की त्या पाच तरुणांवरचा आरोप पुराव्याने सिद्ध होत नाही.

डॅरो तेव्हा पंच्याहत्तरीचे. १९२९ च्या मंदीत साठवलेला पैसा गेलेला. फी चांगली होती. गेले. नवऱ्याचे डोके त्या क्षणी ठिकाणावर नव्हते, असा बचाव मांडला. वेगवेगळ्या वंशांच्या लोकांच्या ज्यूरीने तो पुरता मानला नाही. चौघांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले. शिक्षा झाली दहा वर्षांची. पण वॉशिंग्टनहून दबाव आला आणि गव्हर्नर लॉरेन्स जड यांनी ती एक तासावर आणली. तो एक तास त्यांनी गव्हर्नरच्या कचेरीत बसून काढला आणि मोकळे झाले. काहाहावाईच्या आईने साक्ष दिली होती. तिच्या पोराच्या जिवाची किंमत एक तास.

मॅसीला वकील मिळायला नको होता असे मी म्हणणार नाही. त्यालाही मिळालाच पाहिजे. पण प्रेंडरगास्ट वेडा होता, त्याच्यामागे कोणी नव्हते. लिओपोल्ड आणि लोबविरुद्ध सारे शहर होते. मॅसीमागे नौदल होते, वर्तमानपत्रे होती, वॉशिंग्टन होते. आयुष्यभर जमावाच्या विरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हातारपणी जमावाच्या बाजूने उभा राहिला. ज्या चौघांनी कायदा हातात घेतला, त्यांच्या रागाला त्याने समजुतीचे शब्द दिले. डेट्रॉइटला दगड मारणाऱ्यांनाही राग आलाच होता की! वकिलाने आरोपीचे दुःख सांगावे, पण मेलेल्याला विसरायला लावू नये. शिकागोत बॉबीला कोणी विसरले नव्हते. होनोलुलूत काहाहावाई विसरला गेला, निदान सत्तेवर बसलेल्यांकडून तरी.

ह्या जीवनाचा हिशेब

१३ मार्च १९३८ रोजी शिकागोत डॅरो वारले. वय ऐंशी. त्यांची रक्षा शहरातल्या जॅक्सन पार्कच्या तळ्यात सोडण्यात आली.

आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमात अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला आहे. ही तरतूद १९४९ च्या सप्टेंबरात घटना समितीत बाबासाहेबांनी मांडली. ते स्वतः बॅरिस्टर होते. त्यात अपराधी आणि निरपराधी असा भेद नाही, कारण तो भेद करायचा तर आधी खटला चालावा लागतो. पुढे १९७६ साली ३९ अ हे कलम आले, त्यात गरिबाला मोफत कायदेशीर मदत देण्याचे तत्त्व आहे. आणि अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, असे सुप्रीम कोर्टाने २०१० साली सांगितले.

ह्यातला कठीण भाग आपल्याच वाट्याला येतो. आपल्या माणसावर अत्याचार होतो, आणि अत्याचार करणाऱ्याच्या बाजूने वकील उभा राहतो, तेव्हा रक्त उसळते. उसळणारच. पण त्याच्याकडून काढून घेतलेला हक्क उद्या पहिल्यांदा कोणाकडून काढून घेतला जाईल? ज्याच्यामागे पैसा नाही, पेपर नाहीत, पुढारी नाहीत, त्याच्याकडून. म्हणून हक्क राखायचा. पण त्या वकिलावर नजरही ठेवायची. तो साक्षीदार फोडतो का? मेलेल्याची किंवा बाधित बाईची बदनामी करतो का? तसे करील तर त्याला चारचौघांत जाब विचारायचा. आणि तो नुसता कायद्याने, पुराव्याने भांडत असेल, तर त्याला त्याचे काम करू द्यायचे आणि आपण आपला पुरावा, आपले साक्षीदार भक्कम उभे करायचे.

डॅरो संत नव्हते. शिकागोत त्यांनी खरे बोलून दोन जीव वाचवले, लॉस एंजेलिसमध्ये आपल्याच माणसांना अंधारात ठेवले, हवाईत बलवानांच्या कामी आले. म्हणून त्यांच्या तसबिरीला हार घालण्यापेक्षा त्यांच्या खटल्यांचा अभ्यास जास्त उपयोगाचा आहे. आपल्या वस्तीतली मुले-मुली आता कायद्याच्या परीक्षा देताहेत, सनद घेऊन कोर्टात उभी राहताहेत. आज ना उद्या त्यांच्यासमोर खुर्चीत एक माणूस बसेल, दार लावा म्हणेल, आणि हळू आवाजात सांगेल की साहेब, मीच केलंय. त्या वेळी काय करायचे हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.